उपखुताचा दगड

थित केनचनने पाण्यातून डोकं वर काढलं, नाकातलं पाणी शिंकरलं आणि दोन्ही हात वर केले. दोन्ही रिकामे!

काठावर ढोलकऱ्यांनी टिपरं उगारलेलीच होती, ती तशीच हवेत राहिली. फुलांची तबकं डोक्यावर घेतलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पालखीच्या दांड्याला खांदा दिलेल्यांपैकी एकाने तर हळूच खांदा काढून घेतला.

"काय थित, उपखुत अजून उठले नाहीत वाटतं?" सरपंच फोंगने काठावरून विचारलं. एकदा भिक्षू होऊन घरी परतलेल्या माणसाला इथं थित म्हणतात.

"उठायला आधी निजावं लागतं, सरपंच! खाली पाठ टेकायला मूठभर वाळू तरी ठेवलीय का कुणी?"

हशा पिकला, पण त्यात दरवर्षीचा जोर नव्हता. नदीपलीकडे लाओस देशाच्या काठावर आभाळ पिवळं व्हायला लागलं होतं, आणि पाकमोक गावात आज उशीर चालण्यासारखा नव्हता.

वर्षातून एकदा, चौथ्या महिन्यात, पाकमोकच्या विहारात दानी राजाची कथा गाऊन सांगतात. तेरा अध्याय. उजेडात सुरू करायचे आणि उजेड आहे तोवर संपवायचे. जो माणूस जागचा न उठता सगळे ऐकेल, त्याला पुढच्या बुद्धाच्या काळात जन्म मिळतो. पण कथेला बसण्याआधी उपखुताला बोलवावं लागतं. तो नदीच्या तळाशी ध्यान लावून बसलेला असतो. तो विहारात येऊन बसला की विघ्नं आणणारा मार राक्षस फिरकत नाही, वादळ येत नाही, भांडणं होत नाहीत, दारुडेसुद्धा मांडी घालून गप्प बसतात. त्याला आणायचं म्हणजे पाण्याखालून एक गोटा हाताने उचलून आणायचा. पहिला गोटा वर आला की विचारायचं, "आपण उपखुत का?" लोक ओरडणार, "नव्हे!" की तो पाण्यात परत. दुसराही तसाच. तिसऱ्याला मात्र सगळं गाव एका दमात म्हणतं, "होय!" आणि मग जो ढोल, जी काशाची घंटा, जे फटाके सुरू होतात, ते विचारू नका. शेजारची गावं हे सगळं आदल्या दिवशीच उरकून घेतात. पाकमोकचा हट्ट मात्र त्याच पहाटेचा.

आणि आज तर केनचनच्या जिवाला निराळाच घोर होता. त्याची आई मे सीदा, 'मे' म्हणजे आईच, जन्मभर ही कथा स्वयंपाकघरातून ऐकत आली होती. दरवर्षी भिक्षूंसाठी चिकट भाताच्या टोपल्या वाफेवर ठेवायच्या, मासळी भाजायची, भांडी घासायची. आणि त्या खडखडाटात कथेचा एखादा तुकडा कानावर पडला तर पडला. राजाने हत्ती दान दिला तेव्हा ती मिरच्या कुटत होती. राणी रानात रडली तेव्हा ती पाणी भरत होती. यंदा सुनांनी तिला हाताला धरून मंडपात पहिल्या ओळीत चटईवर नेऊन बसवलं होतं. कथेतला राजाच्या मुलांचा अध्यायही यंदा तिच्याच घरच्या दानातून, तिच्याच घराच्या नावाने गायला जायचा होता, आणि कथा गायला दूर रोइएतहून एक तरुण भंते आले होते, ज्यांच्या गळ्याची ख्याती नदीच्या दोन्ही काठांवर होती. मे सीदा रात्रीपासूनच नवं पांढरं वस्त्र खांद्यावर घेऊन बसली होती. पुढच्या वर्षी तिला मांडी घालता येईल का, हे कुणी तोंडाने बोलत नव्हतं. उपखुत आला नाही तर कथा उभी राहणार नाही. उशिरा आला तर दिवस पुरणार नाही आणि कथा खंडित होईल.

"थित! वर येताय की तिथंच बिऱ्हाड करताय?" बायको लम्दुअनने हाक मारली.

"डोळ्यांनी बघ की, खाली काय आहे ते!"

आणि खरंच, होडीतून नुसतं वाकून बघितलं तरी तळ दिसत होता. मेकाँगला पाकमोकची माणसं नुसतं खोंग म्हणतात, घरच्या माणसाला हाक मारावी तसं. केनचनचा बाप याच डोहात उपखुतासाठी बुडी मारायचा, तेव्हा खोंग चिंचेच्या कोळासारखी असायची. हात घातला की कोपर दिसायचं नाही. बाप डोळे मिटून खाली जायचा आणि नुसता चाचपडायचा. वाळूत रुतलेल्या गोट्यांचा सडाच असायचा तिथं. आता वर, डोंगरांच्या पलीकडे, एकामागून एक धरणं उभी राहिलीत. गाळ, रेती, गोटे, सगळं त्यांच्या पोटात बसतं, आणि खाली येतं ते निळं, नितळ, गारढोण पाणी. शहरातून लोक येतात, फोटो काढतात, वा वा म्हणतात. पण ते उपाशी पाणी. वरून काही खाऊन आलेलं नसतं, म्हणून जाईल तिथलं खरवडून खातं. गेल्या साली लम्दुअनचे काठावरचे भुईमुगाचे वाफे खाल्ले, यंदा विहाराच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या. उरलीसुरली वाळू पंपांच्या बोटींनी ओढून इमारती बांधायला नेली, आणि डोहाच्या मधोमध असा खड्डा करून ठेवला की त्याचा ठाव केनचनलासुद्धा लागला नव्हता. पाऊस तरी जुन्या वेळा पाळतो का? तोही मन मानेल तेव्हा. आणि ऐन उन्हाळ्यात वर कुणी दरवाजे उघडले की नदी रातोरात चढते, आणि सकाळी उतरलेली असते.

खाली आता होता तो नुसता कातळ. घासून पुसून ठेवलेल्या परातीसारखा.

"एवढं कशाला?" सरपंच फोंग म्हणाला. "माझ्या बागेत पोतंभर गोटे आहेत. पांढरे, गुळगुळीत. शहरातल्या दुकानातून आणलेत. खोंगचेच आहेत, तशी पाटीच होती तिथं."

"म्हणजे आमच्या नदीतले गोटे त्यांनी नेले, धुतले, आणि तुम्ही ते नदीकाठी परत विकत आणलेत?" लम्दुअन म्हणाली. "शाब्बास हो सरपंच! उगाच नाही आम्ही तुम्हाला निवडून दिलं."

विधी सांगणारे म्हातारे पो बुनरुआम कपाळाला आठ्या घालून पुढे आले. "पाण्याखालून, आजच्या पहाटे, हाताने उचललेला हवा. दुकानातल्या गोट्याला मी काय विचारू? आपण उपखुत, की बागेचा कठडा?"

विहाराचे महास्थविर, ज्यांना सगळं गाव लुआंगपू म्हणजे आजोबा-भंते म्हणे, ते घाटाच्या वरच्या पायरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. ते नुसते हसले. केनचनला तेवढं पुरलं. त्याने छाती भरून घेतली आणि पुन्हा बुडी मारली.

गार पाण्याने कानशिलं ठणकायला लागली. कातळावरून तो पालीसारखा सरकत गेला. इथं काही नाही. तिथं काही नाही. छाती फुटायला आली, आणि तेवढ्यात कातळाच्या एका भेगेत काहीतरी गोल दिसलं. नारळाएवढा गोटा! खोंगने सगळं खाल्लं होतं, पण हा एक तिच्या दाढेत अडकून राहिला होता. केनचनने बोटं घातली, ओढला, पाय लावून पुन्हा ओढला. नखं निघाली म्हणा ना. आणि गोटा सुटला!

तो वर आला तो ओरडतच. "मिळाला! मिळाला रे!"

काठावर एकच गलका झाला. ढोलकऱ्यांनी उत्साहात दोन ठोके घालूनही टाकले. केनचनने होडीच्या काठाला पाठ टेकली, दोन्ही हातांनी गोटा डोक्यावर धरला, पाणी त्याच्या कोपरांवरून निथळत होतं. पो बुनरुआमनी गेली कित्येक वर्षं जे केलं तेच केलं. हात जोडले, गळा साफ केला आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"आपण उपखुत का?"

आणि गावाने, लहानांपासून थोरांपर्यंत सगळ्या गावाने, वर्षानुवर्षांच्या सवयीने एका गळ्यात आरोळी ठोकली, "नव्हे!"

आणि केनचनच्या हातांनी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, गोटा भिरकावून दिला.

डुबुक्!

बरोबर पंपवाल्यांच्या खड्ड्यात.

केनचन आपल्या रिकाम्या पंजांकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

"अहो, हे काय केलंत!" लम्दुअन किंचाळली.

"मी काय केलं? तुम्हीच म्हणालात, नव्हे!"

"नव्हे म्हटलं म्हणून टाकायचा?"

"मग काय करतात नव्हे म्हटल्यावर?"

"पहिला कोण ओरडला? ए सरपंच, तुमचाच आवाज होता!"

"सगळेच ओरडले!"

"तुमचा सगळ्यांत मोठा!"

पो बुनरुआमनी डोकं धरून घाटावरच बसकण मारली. "मी विचारलंच कशाला! एकच आहे, हे दिसत नव्हतं का मला!"

आणि मग वरच्या पायरीवरून हसू ऐकू आलं. लुआंगपू. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग प्लास्टिकची खुर्ची करकरायला लागली. भंते एवढे हसतायत म्हटल्यावर गाव कसं गप्प राहील? बायका तबकं खाली ठेवून हसल्या. पालखीवाले पालखी धरून हसले. डोळे पुसत पुसत हसले. केनचनसुद्धा होडीला लटकून हसला.

त्याच वेळी विहाराच्या कर्ण्यातून आवाज आला. "हॅलो, हॅलो. नदीवरच्या मंडळींनी ऐकावं. मे सीदा विचारतायत, उपखुत निघाले का? त्या म्हणतायत, त्या बसल्यात, उठणार नाहीत."

हसू विरलं. पलीकडे सूर्याची लाल कड वर आली होती.

केनचनने खड्ड्यात बुडी मारली. खाली अंधार, आणि कान फुटतील असा दाब. तळ लागलाच नाही. तो वर आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला वर येताना त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. होडीला धरून तो खोकला, थुंकला, आणि एकदम थबकला.

दातांखाली कचकच लागत होती.

त्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, खुळखुळवलं. कचकच! बारीक रेती, आणि मातीचा वास. पहिल्या नांगरटीला येतो ना, तसला.

"माती," तो आधी स्वतःशीच म्हणाला. मग घसा फाटेस्तोवर ओरडला, "माती! अरे, नदीत माती आली!"

सगळ्यांनी माना वळवल्या. डोहाच्या वरच्या अंगाला, जिथं मोक ओढा खोंगला मिळतो, तिथून निळ्या पाण्यात एक तांबडी जीभ लांबत येत होती. काठाकाठाने, फेस घेऊन, काटक्या-पानं घेऊन, गेरू कालवल्यासारखी. काल संध्याकाळी डोंगरात अवकाळी गडगडलं होतं. गावाने त्याला शिव्याच घातल्या होत्या, की आंब्याचा मोहर झडला, मंडपाचं कापड भिजलं, या दिवसांत पाऊस म्हणजे काय वेळ आहे का ही! आणि तोच पाऊस आता मोकच्या वाटेने खाली उतरला होता. मोकवर कुणी धरण बांधलं नव्हतं. एवढ्याशा ओढ्यावर कोण बांधणार?

"मोक आला! मोक चढून आला!"

मग जे झालं त्याला मिरवणूक म्हणायचं की पळापळ, देव जाणे. ढोलवाले पुढे, त्यांच्यामागे पालखी, पालखीमागे तबकं सावरत बायका, आणि सगळ्यांच्या मागे खुर्चीसकट उचललेले लुआंगपू. दोन म्हाताऱ्या तर चिखलाच्या पाण्यात उतरून ते हातांनी डोक्यावर शिंपडायला लागल्या. "अशी होती बघ! आपली खोंग अशी होती!" एक दुसरीला सांगत होती, आणि दुसरी म्हणत होती, "मला काय सांगतेस? मी तुझ्याहून थोरली आहे!"

केनचन होडी वल्हवत मोकच्या तोंडाशी आला, तोच पो बुनरुआम आडवे आले. बोलताना त्यांना धाप लागली होती.

"थांब रे थित. उपखुत राहतो खोंगच्या तळाशी. हा तर ओढा. गुरं धुतात यात. इथला दगड चालेल कसा?"

लोक थबकले. म्हाताऱ्याचं म्हणणं वावगं नव्हतं. सगळ्यांनी लुआंगपूंकडे बघितलं.

लुआंगपूंनी खुर्ची खाली ठेवायला लावली. "बुनरुआम, खोंगच्या तळाशी जे दगड होते, ते तिने कुठून आणले होते?"

"असल्याच... ओढ्यांतून, भंते."

"मग? पुढचं दार लावून घेतलंय लोकांनी. पाहुणा परसदाराने आला, तर त्याला फिरून जा म्हणायचं?" ते पुन्हा हसले. "आणि आपण विचारणारच आहोत की त्याला. विचारण्यासाठीच तर तुझी रीत आहे."

पो बुनरुआमनी हात जोडले आणि वाट सोडली.

केनचनने पंचा कमरेला घट्ट कसला आणि उडी घेतली. आत काही म्हणजे काही दिसेना! डोळे उघडले काय, मिटले काय, सगळं तांबडंच. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की बाप डोळे मिटून का जायचा. लोंढ्याने त्याला उचललं, कशावर तरी आपटलं, एक फांदी गालावर ओरखडा काढून गेली. त्याने पाय रोवले, खाली वाकला, आणि तेव्हा त्याला ऐकू आलं.

टक. टक-टक. टकटक टकटक टक.

तळावरून गोटे घरंगळत होते. लहान, मोठे, एकमेकांवर आपटत, डोंगरावरून निघालेले, खोंगकडे चाललेले. पाण्याच्या पोटात जणू हजार हात टाळ कुटत होते. केनचनच्या अंगावर पाण्यातसुद्धा काटा आला. श्वास संपत आलाय हे तो विसरला. जन्मभर कथा ऐकली, पण असा ठेका कुठल्या भंतेंच्या मागे लागलेला त्याने ऐकला नव्हता. त्याने हात पुढे केला, आणि एक गोटा आपण होऊन त्याच्या पंजात येऊन बसला.

तो वर आला. गोटा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. चिखल तोंडावरून ओघळत होता.

पो बुनरुआमनी पुन्हा हात जोडले. "आपण... आपण उपखुत का?"



सगळं गाव ओठ मिटून उभं. नव्हे म्हणायची कुणाची छाती होईना. मघाशी एक घालवला होता, आता हाही घालवायचा? सरपंच फोंगने तर खबरदारी म्हणून तोंडावर हात धरला होता.

"अरे, बोला की!" लुआंगपू म्हणाले.

"भंते, होयच म्हणूया का?" लम्दुअनने हळूच विचारलं. "आला आहे तो घेऊन जाऊ. मे सीदा वाट बघतायत."

"पहिल्यालाच होय म्हटलं तर ती भीती झाली, लम्दुअन. आमंत्रण नव्हे. भीतीपोटी आणलेल्या पाहुण्याला घेऊन कथेला बसाल?" लुआंगपूंनी केनचनकडे बघितलं. "थित, खाली आहेत का आणखी?"

केनचनला तो आवाज आठवला. टकटक टकटक. पण आवाज ऐकला म्हणजे हाताला लागेलच असं थोडंच होतं? लोंढा काय, घटकाभराचा. ओढा उतरला की संपलं. आणि तिकडे आई मांडी घालून बसलेली. त्याची बोटं गोट्याभोवती अशी आवळली गेली होती की ती त्याला स्वतःलाच सोडवता येईनात. मघाशी हेच हात कसे पटकन उघडले होते! आता उघडत नव्हते.

"आहेत, भंते," तो म्हणाला. "नदी गातेय खाली."

"मग म्हणा रे," लुआंगपू म्हणाले.

"नव्हे," गाव म्हणालं. कुजबुजल्यासारखं.

केनचनने डोळे मिटले आणि बोटं उघडली. गोटा गेला.

तोही त्याच्यामागोमाग गेला. तांबड्या अंधारात त्याने हात पसरले. काही नाही. टकटक लांबून येत होती. पायाखाली रेती सरकत होती. चार पावलं पुढे, पाण्याच्या उलट. छाती जळायला लागली. आणि मग नडगीवर काहीतरी सणसणीत आदळलं. त्याने कळवळूनच ते उचललं आणि वर आला.

"आपण उपखुत का?"

"नव्हे!" या वेळी आवाज मोठा होता. केनचननेही गोटा हसत फेकला, आणि पुन्हा बुडी मारताना त्याचे पाय अजून हवेत असताना एक म्हातारी ओरडली, "लवकर ये रे बाबा, फार वेळ नको लावू!"

तिसऱ्या वेळी तो इतक्या लवकर वर आला की पो बुनरुआम अजून गळाच साफ करत होते. त्याच्या हातात काळासावळा, बसक्या गाडग्यासारखा एक गोटा होता. त्याच्या अंगावर चिखल, चिखलावर एक ओलं पान.

"आपण उप..."

"होय!!"

प्रश्न पुरा झालाच नाही. पलीकडच्या लाओ काठावरच्या लोकांनी माना वर करून बघितलं असेल, अशी ती आरोळी होती. घंटा घणघणली. ढोलांनी जो ताल धरला तो थेट तळातलाच ताल होता, असं केनचनला वाटलं. भिजलेले फटाके वाजले नाहीत, तर पोरांनी टिनाचे डबे बडवले. पो बुनरुआम रडत होते की त्यांच्या चष्म्यावर पाणी उडालं होतं, कळेना. पालखीत गोटा ठेवला आणि पालखी घाट चढून पळत सुटली. सरपंच फोंग पुढे धावत होता आणि वाटेतल्या कुत्र्यांना ओरडत होता, "बाजूला! बाजूला व्हा! उपखुत येतायत!"

गोट्यावरचा चिखल पुसायला कुणी गेलं, तर लुआंगपूंनी हाताने थांबवलं. "राहू दे. प्रवासातून आलेत."

मंडपात शिरल्या शिरल्या रोइएतच्या भंतेंनी ताडपत्र उघडलं आणि पहिला सूर लावला. सूर्य एव्हाना सुपारीच्या झाडांच्या वर आला होता. उशीर झालाच होता, म्हणून भंतेंनी सुरुवातीची सगळी प्रास्ताविकं गाळली आणि सरळ कथेला हात घातला. आणि मग एकापाठोपाठ एक अध्याय असे वाहायला लागले की बघता बघता राजाने हत्ती देऊन टाकला, राज्य सुटलं, रथ गेला, घोडे गेले.

केनचन चिखलाने भरलेल्या अंगानेच आईशेजारी चटईच्या कडेला बसला. कानात अजून रेती होती. मे सीदाने त्याच्याकडे मान वळवली नाही.

"उशीर का झाला?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"वाट बदलली होती, मे."

"सापडली ना?"

"सापडली."

दुपार कलली तेव्हा तिच्या घरचा अध्याय आला. रानात राजाने आपली लेकरंही दान द्यायची ठरवली आणि ती दोघं तळ्यात जाऊन लपली, कमळाच्या पानांखाली, पाण्यात गळ्याएवढी. भंते तिथं आवाज इतका खाली नेत की मंडपात पंख्यांची घरघर ऐकू येई, आणि मग बापाची हाक इतक्या उंचावरून टाकत की पुरुषमाणसंसुद्धा पंच्यात तोंड लपवत. मे सीदाच्या गालांवरून धारा वाहत होत्या आणि ती त्या पुसत नव्हती. मिरच्या नाहीत, भांडी नाहीत, हाक मारणारं कुणी नाही. तिला गाणाऱ्याचा गळा दिसत होता. श्वास घेताना तिथली शीर कशी हलते तेसुद्धा.

मागून लम्दुअनने वाकून विचारलं, "मे, थोडं पाणी आणू? पाय मोकळे करायचेत का?"

मे सीदाने एक हात केनचनच्या गुडघ्यावर दाबून ठेवला आणि दुसऱ्या हाताने सुनेला गप्प बसायची खूण केली.

"हलू नका कुणी," ती म्हणाली. "अजून बरेच अध्याय आहेत."